कागदाला लागणारी ओल

५ जानेवारी, सोमवार

खटक-सर्र, खटक-सर्र. आमच्या शाळेच्या कचेरीत हाताने फिरवायचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं, त्याचा हा आवाज. परीक्षा जवळ आली की शिपाई दिवसभर त्याचा दांडा फिरवी, आणि भिंतीपलीकडे आम्ही पोरं त्याच ठेक्यावर कविता म्हणत असू. गुरुजी ओरडत, अरे कविता म्हणताय की पीठ दळताय? पण त्यांचं बोटही टेबलावर त्याच तालात पडायचं. किती वर्षं झाली! आज तो आवाज अचानक कानात उतरला आणि मी हसलो. कारण मला नोकरी लागली. या वयात! मुलगा फिरतीवर आहे, त्याला फोन केला तर तो म्हणाला, बाबा, थट्टा पुरे.

झालं असं की एका दाखल्याची प्रत काढायला मी कोपऱ्यावरच्या छपाईच्या दुकानात गेलो होतो. रांग लांब होती. वेळ जावा म्हणून नेहमीप्रमाणे एक शाळेतली कविता गुणगुणत उभा राहिलो. आतल्या खोलीतून मालक बाहेर आले. सडसडीत, मृदू बोलणारा माणूस. कोण म्हणतंय हे, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, आता गप्प बसायला सांगणार. पण ते म्हणाले, आजोबा, आम्हाला यंत्रापाशी उभा राहणारा एक माणूस हवाय, बाहेर येणारा कागद हातात घ्यायला. वयाची अट नाही. जमेल?

जमेल म्हणालो. घरी तरी काय करतो? सूनबाईची नोकरी घरूनच, कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांशी बोलायची. जीभ काय चालते तिची! कुणाचं बिल, कुणाची तक्रार, कुणाची नुसतीच कटकट, सगळ्यांना पुरून उरते. तेवढा वेळ घरात टाचणी पडलेली चालत नाही. मी एखादी ओळ म्हटली की दारातून हात हलतो आणि पाठोपाठ दबलेला आवाज येतो, बाबा, प्लीज! तिचंही चूक नाही. पण माझ्या कविता तोंडातल्या तोंडात विरघळून जातात, त्याचं काय?

७ जानेवारी, बुधवार

खोली आवडली. दुकानाच्या मागच्या अंगाला काचेचं सरकतं दार, दाराच्या कडेला रबराची पट्टी, म्हणजे बाहेरची हवा आत येत नाही. मधोमध यंत्र, आडव्या ठेवलेल्या कपाटाएवढं. तिन्ही भिंतींना कागदाच्या गठ्ठ्यांची मांडणी. कोपऱ्यात कोठीचं दार. गरम कागदाला एक वास असतो, इस्त्री केलेल्या शाळेच्या सदऱ्यासारखा. मला तर बरंच वाटलं.

मालकांनी सगळं हळुवारपणे समजावलं. कागद म्हणजे नाजूक प्रकरण, आजोबा. गठ्ठ्याचं वेष्टण गरजेपुरतंच उघडायचं. यंत्रात घालण्याआधी कागद बोटांनी फडफडवून सुटे करायचे, चारी कडा ठोकून सारख्या करायच्या. खरी गंमत बाहेर येताना असते. आत भाजून निघालेला कागद वाळक्या पानासारखा वाकतो. त्यात या दिवसांत हवा कोरडी, म्हणून कंगव्याला केस चिकटावेत तसे कागद एकमेकांना चिकटतात. एखादा तोंडाशीच उभा राहतो, मागचा येऊन त्याच्यावर आदळतो, त्याची घडीवर घडी होते, आणि यंत्र लाल दिवा लावून बसतं. मग तासभर पोट उघडून चिंध्या काढा. म्हणून कागद खाली पडूच द्यायचा नाही. बाहेर आला की हातात घ्यायचा, उलटा करायचा, कडा ठोकून बाजूला ठेवायचा.

मी विचारलं, हवा कोरडी आहे तर पाण्याचं भांडं ठेवलं तर? ते हसले. सगळं करून पाहिलंय म्हणाले. भांडी ठेवली, ओली फडकी टांगली, वाफ सोडणारं यंत्र आणलं. त्याला ती ओल चालत नाही.

त्याला म्हणजे यंत्राला. आपल्या वस्तूविषयी माणसासारखं बोलणारे लोक मला आवडतात.

दुपारी दोनदा कागद अडकला. मालक कपाळाला हात लावून बसले. मला वाईट वाटलं, म्हणून त्यांचं मन रमवायला एक कविता म्हटली. ती संपेपर्यंत एकही कागद अडकला नाही. मालक म्हणाले, आजोबा, अजून एक म्हणा ना. अहो, मला आयुष्यात हे कुणी म्हटलेलं नाही!

१० जानेवारी, शनिवार

चार दिवस रोज कविता. मालकांनी यंत्राच्या तोंडाशी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली आहे, गादीसकट. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंतच्या सगळ्या म्हणून झाल्या, आता दुसरी फेरी. कागद कसे रेशमासारखे बाहेर येतात. सपाट, शांत, एकावर एक.

बाहेरच्या खोलीत पुस्तकांना खळ लावणारी एक बाई बसते. सगळे तिला खळमावशी म्हणतात. तोंडाने फटकळ. मला कविराज म्हणते. काल म्हणाली, कविराज, तुमच्या कवितेला पूर्णविराम नसतो का? दोन ओळी म्हणा नि गप्प बसा. मी म्हटलं, मावशी, कविता दोन ओळींत संपत नसते. ती म्हणाली, कविता नाही हो संपत. आणि खळीचा ब्रश वाटीत बुडवून पाठ फिरवून बसली. काही माणसांना रसिकता नसते, इलाज नाही. माझ्याआधी इथे एक गाणारे काका होते म्हणे. त्यांनाही ही अशीच टोचत असणार.

आज मालकांना गुरुजींची कविता ऐकवली. ती कुठल्याही पुस्तकात नाही. गुरुजींनी स्वतः रचली, फळ्यावर लिहिली, आमच्याकडून पाठ करून घेतली आणि पुसून टाकली. त्या वर्गातले बाकीचे गेले. आता ती माझ्यापाशीच आहे.

दवाच्या थेंबा, थांब जरासा
ऊन येऊ दे अंगणी;
तुझ्यात पाहीन सारे आभाळ
मग जा मातीच्या मनी.

अशी आठ कडवी. मालकांचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे होते. मला वाटलं, कंटाळले. पण ते घड्याळ नव्हतं. हवेतली ओल दाखवणारा काटा होता. मी म्हणू लागलो की तो वर चढतो, थांबलो की उतरतो. मालक म्हणाले, माणसाच्या श्वासातली ओल वेगळी, आजोबा. एकसारखी असते. त्यातून तुम्ही म्हणता मनापासून.

मला मौजच वाटली. कवितेचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना हा काटा दाखवायला हवा.

१३ जानेवारी, मंगळवार

ओठ फुटले आहेत. बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालीत की फोनवर अंगठा ठेवला तर तो ओळखत नाही. सूनबाई म्हणाली, बाबा, तिथे पाणी देत नाहीत का? तुमचा चेहरा बघा, पापडासारखा झालाय. तिने ग्लास पुढे केला. मी तो प्यालो, मग दुसरा, मग तांब्याभर. तापल्या तव्यावर शिंपडावं तसं झालं. आत कुठेच पोचल्यासारखं वाटेना.

तिला म्हटलं, थंडी आहे, दुसरं काय. ती म्हणाली, ही नोकरी सोडा. लागेल ते मी बघते, पण असे सुकू नका. मला राग आला. घरात तोंड उघडू द्यायचं नाही आणि जिथे उघडता येतं तिथे जाऊ द्यायचं नाही! तांब्या खाली ठेवला. खोलीत जाऊन बसलो. ती दाराशी बराच वेळ उभी होती. मग तिचा फोन वाजला.

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी उठलो तर आवाज नाही. घसा दुखत नाही, ताप नाही, नुसताच आवाज नाही. डॉक्टरांनी जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. अंगातलं पाणी कमी झालंय म्हणाले, बाटली लावली. दोन बाटल्या संपल्या, चिमूट तशीच.

दुपारी सूनबाईची नजर चुकवून दुकानात गेलो. सांगायलाच गेलो होतो, कागदावर लिहून, की आता जमणार नाही. आत गेलो, दार सरकलं, यंत्र चालू झालं. गळा मोकळा! पहिल्यासारखा, नव्हे, शाळेतल्यासारखा. अशी कविता म्हटली मी आज, गुरुजींनी पाठ थोपटली असती. बाहेर पडलो की पुन्हा मुका.

म्हणजे माझा आवाज तिथेच राहतो आता.

१९ जानेवारी, सोमवार

परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचं मोठं काम आलंय. दिवसभर म्हणतो. कागद अडकत नाही. मालक खूश.

एक गोष्ट लिहायला हात धजत नाही. दुपारी एका कवितेचं शेवटचं कडवं आठवेना. म्हटलं, वय झालं. दुसरी सुरू केली, तिचं मधलं नाही. जे कडवं आज सकाळी म्हटलं, ते दुपारी नाही. म्हटलं की जातं. मालकांना सांगितलं. ते म्हणाले, हरकत नाही आजोबा, तुम्हाला पुष्कळ येतात.

घरी रडायचं होतं. डोळे चुरचुरले, पाणी आलं नाही. गुरुजींची कविता आता म्हणायची नाही असं ठरवलं आहे. ती ठेवायची.

२१ जानेवारी, बुधवार

आवाज गेल्यापासून ही वही खिशातच असते, म्हणून लिहितोय. गुळगुळीत बोटांतून पेन निसटतंय, अक्षर वाईट येईल.

सकाळी मालक बाहेर होते आणि यंत्रातला कागद संपला. म्हणून मीच कोठीत गेलो. आत दिवा नव्हता. गठ्ठ्यांच्या दोन रांगांमध्ये एक खुर्ची. माझ्यासारखीच, गादीची. खुर्चीत कुणीतरी.

गाणारे काका, दुसरं कोण असणार?

मांडीवर वेष्टण काढलेले गठ्ठे, खांद्यांवर गठ्ठे, दोन्ही बाजूंनी अंगाला टेकवलेले गठ्ठे. कातडी पिवळी, कडेने वळलेली. मी हात लावला तर खर्र असा आवाज झाला. मेलेले नव्हते. डोळे माझ्याकडे वळले. ओठ हलत होते, कुठल्यातरी तालात, आणि तोंडातून काहीच येत नव्हतं.

मागे मालक. रागावले नाहीत. वाकून काकांच्या मांडीवरच्या गठ्ठ्याची कड सरळ केली. आवाज खाली न आणता म्हणाले, नवीन कागद दोन दिवस यांच्याजवळ ठेवला की बरा चालतो. अजून थोडी ओल आहे त्यांच्यात, वाया कशाला घालवायची? काका सगळं ऐकत होते.

मी दाराकडे निघालो. पळणं जमत नाही, पाय हलके झालेत, जमिनीवर नीट टेकत नाहीत. मालक माझ्या आधी पोचले. आडवे आले नाहीत, नुसते बाहेर गेले आणि दार सरकवलं. बाहेरून खटका पडला.

मग काचेतून दिसत होतं, ऐकूही येत होतं. त्यांनी घरी फोन लावला. मोठं काम आहे, आजोबा इथेच राहतील चार दिवस, खाण्यापिण्याचं आम्ही बघतो. पलीकडून सूनबाई बराच वेळ बोलत असावी. ते हसून म्हणाले, छे छे, त्रास कसला ताई, आम्हाला ऐकायला आवडतं.

यंत्र बंद होतं, म्हणून माझा गळाही बंद. मी काचेवर हात आपटले. आवाज झाला नाही, कागदाने मारल्यासारखं. खळमावशीने मात्र पाहिलं. सरळ माझ्या डोळ्यांत. उठली, पदराला हात पुसले, खाकी कागदाचा मोठा ताव घेतला, त्याला खळ लावली आणि माझ्या चेहऱ्यासमोर काचेवर चिकटवला. पलीकडून तिचा आवाज आला. म्हणाली, सांगितलं होतं ना, दोन ओळी म्हणा नि गप्प बसा. ऐकलं नाहीत. आता बघायला तरी मला लावू नका.

२२ जानेवारी, गुरुवार

गप्प बसलो. तोंड मिटून. म्हणणारच नाही. काटा उतरला. कागद अडकला, पुन्हा अडकला, यंत्रातून भाजल्याचा वास. मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

मालक आले. समोर उकिडवे बसले, नातवाने आजोबांपाशी बसावं तसे. म्हणाले, काल तुमच्या सूनबाईंशी बोललो. काय गोड बोलतात हो! थांबतच नाहीत. दिवसभर न थकता बोलायची सवय आहे ना त्यांना? आजोबा, तुम्हाला कंटाळा आला असेल तर तसं सांगा. मी त्यांना बोलावतो.

म्हणायला लागलो.

२३ जानेवारी, शुक्रवार

म्हणतोय. पाचवीच्या गेल्या. सहावीच्या गेल्या. म्हणून झाली की तिथे पांढरं होतं— शोधायला गेलं तर पुसलेला फळा.

मालक भांडंभर पाणी पाजतात. त्यांना वाटतं त्याने जास्त टिकेन.

काटा खाली येतोय. मोठ्याने म्हणतो— वर जातो थोडा. ती घरी आहे. फोनवर कुणाचं तरी बिल समजावून सांगत असेल. तशीच राहू दे. तशीच—

वार माहीत नाही

मुलाचं नाव आठवायला वेळ लागला. ते मी कधी मोठ्याने म्हटलं असेन इथे?

आता फक्त गुरुजींची उरली. आठ कडवी. आज दोन दिली— दवाचा थेंब— ऊन— नंतर काय होतं— ऊन कुठे येतं—

कोठीत दुसरी जागा केली आहे. गठ्ठे सरकवल्याचा आवाज आला. काकांच्या शेजारी.

—

शेवटचं कडवं तोंडात धरून बसलोय. ते गेलं की मी कशाने थांबवू— यंत्राला— त्यांना—

कागद अडकला. पुन्हा. मालक ओरडले नाहीत. कोठीचं दार उघडून ठेवलं.

—

बाहेर कोण बोलतंय.

नाही. ती कामाच्या वेळेत कधीच उठत नाही. खुर्चीवरून सुद्धा नाही. दिवसाउजेडी ती इथे— नाही.

तिचाच आवाज. काउंटरवर भांडते आहे. माझे सासरे कुठे आहेत? फोनवर का देत नाही त्यांना? मावशी, तुम्ही मान खाली घालून काय बसलात, तोंड आहे ना तुम्हाला? घरात चैन पडत नाही मला, त्यांचं ते गुणगुणणं ऐकू येत नाही तर काम सुचत नाही—

माझं गुणगुणणं.

सूनबाई, जा. जा ना. आवाज नाही. शेवटचं कडवं म्हटलं तर आवाज येईल? म्हटलं. आठच अक्षरं आली. यंत्राने घेतली. बाहेर काही पोचलं नाही. कडवं गेलं.

मालक तिला म्हणतायत, या ना ताई, स्वतःच बघा. आजोबा आतच आहेत.

खटका—

दार सरकलं. उंबऱ्यातच थांबली ती. हातात पाण्याची बाटली, कानाला ते यंत्र तसंच, काढायचं विसरली. बाबा, हे काय, हे काय झालं तुमचं, कुणी केलं, बाबा, बोला ना माझ्याशी— थांबत नाही ती— गालांवरून पाणी— काटा बघ— सूनबाई, काटा—

मी मान हलवतोय, नको, नको. तिला वाटतं मी ओळखलं नाही. बाबा मी आहे, मी, बघा ना माझ्याकडे—

यंत्र आपोआप सुरू झालं. कागद येतोय. सपाट. शांत.

पूर्ण पानावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्यासमोर धरलं. बोलू नकोस. एक अक्षर बोलू नकोस.

तिने डोळे पुसले. वाकून बघितलं. आणि मोठ्याने वाचायला ला—